अर्ध्या नदीचं भाडं

खूप वर्षं झाली. इतकी, की तेव्हाचे डोंगर झिजून आता टेकाडं झाली असतील. एका राज्यात एक रुंद, संथ नदी होती आणि त्या नदीवर भागू नावाची एक नावाडीण होती. मुलांनो, तुम्ही ऐका. मोठ्यांनो, तुम्हीही जरा हातातलं काम बाजूला ठेवून ऐका, कारण गोष्ट घराची आहे आणि घर सगळ्यांनाच लागतं.

भागूला मात्र घर नव्हतं. नाव हेच तिचं घर. ती नावेत जन्मली, नावेत वाढली, नावेतूनच सासरी गेली, म्हणजे एका नावेतून उठून दुसऱ्या नावेत बसली. तिची लेक मैना झाली तीही नावेतच. त्या दिवशी नदी फुगली होती. एका हातानं लेक छातीशी धरायची आणि दुसऱ्या हातानं नावेची कड, असं भागूनं ते बाळंतपण काढलं. ही हकिगत ती उतारूंना हसून सांगायची. पण हसून झालं की बराच वेळ पाण्याकडे बघत बसायची.

आता मैनेचे दिवस भरत आले होते. जावई मिठाच्या तांड्याबरोबर दूर देशी गेला होता. भागूनं मनाशी धरलं होतं की हे बाळ जमिनीवर जन्मेल. न हलणाऱ्या छपराखाली जन्मेल.

त्यासाठी तिनं जन्मभराचं भाडं साठवलं होतं. एका जाड वेळूच्या नळीत, तोंडाला मेण लावून. नाव बुडाली तरी वेळू तरंगतो, म्हणून नदीवरची माणसं पैसा वेळूत ठेवत.

भाड्याच्या बाबतीत भागूला कुणी फसवू शकत नसे. एकदा एक लग्नाला निघालेला पाव्हणा घासाघीस करू लागला.

"मावशी, अर्धंच देतो बघ."

"द्या की," भागू म्हणाली. "पण मग नदीही अर्धीच मिळेल. मधोमध आलो की सांगते, उतरा."

सगळी नाव हसली. पाव्हण्यानं मुकाट्यानं पुरतं भाडं काढलं.

आता नदीवरच्या लोकांची एक रीत सांगतो, ती ध्यानात ठेवा. नावेत पाऊल टाकलं की "पलीकडे पोचू ना?" असं त्यांच्यात कुणी विचारत नसे. नदीला तो प्रश्न आवडत नाही, असं ते मानत. भाड्याचं बोलणं काठावर करायचं, मग पाऊल टाकायचं आणि गप्प बसायचं. लहानपणापासून भागूच्या अंगात ही रीत भिनली होती.

नदीच्या अल्याड चिंचेच्या झाडाशेजारी एक घर विकायचं होतं. मालक बांगड्या विकणारा कासार. त्याला राजधानीत दुकान मांडायचं होतं, म्हणून तो घाईला आला होता. भागू घर बघायला गेली. ती उंबऱ्यावर थांबली आणि आत वाकून बघू लागली.

"आत ये की मावशी, घर चावत नाही," कासार म्हणाला.

भागू आत आली. तिनं खाली बसून जमिनीवर तळवा टेकला आणि तसाच ठेवला.

"काय बघतेस?"

"हलत नाही दादा," ती हळूच म्हणाली.

किंमत ठरली. राहिलं खरेदीखत. त्या राज्यात घर एका हातातून दुसऱ्या हातात जायचं तर खत लागे, आणि खतं लिहिणाऱ्याला चिटणीस म्हणत. गावात तीन चिटणीस होते.

पहिला राजवाड्याच्या देवडीपाशी गादीवर बसायचा. भागूनं त्याला किती पडेल म्हणून विचारलं.

"जेवढं घर, तेवढी आमची लेखणी," तो म्हणाला. "घराच्या किमतीतला वाटा घेतो मी."

"आणि त्या वाट्यात करता काय?"

"बाई, माझी सही होते त्यात," असं म्हणून त्यानं मिशीवरून हात फिरवला. भागूनं नमस्कार केला आणि चालू लागली.

दुसरा नदीच्या एका जुन्या उताराशी, उंबराच्या झाडाखाली बसायचा. म्हातारा. डोळे मिचमिचे, पण आवाज खणखणीत. तो म्हणाला, "वीस नाणी, पोरी. बस, कशाची ते सांगतो. राजाचा वाटा त्यात धरलेला नाही. तो कुणाकडेही गेलीस तरी तेवढाच द्यावा लागतो, आणि त्यात सूट देतो असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडचं पाणीसुद्धा पिऊ नकोस. ही वीस नाणी माझ्या कामाची. त्यात कागद आला, शाई आली, साक्षीदार आले, घराच्या चारी शिवा चालून बघणं आलं, आणि हाक आली. वाटेत कळलं की घर घेण्यासारखं नाही, तर काम तिथंच थांबवू. तिथवर झालं असेल तेवढंच घेईन."

वीस हा आकडा भागूच्या कानात असा काही वाजला, की पुढचं तिला नीट ऐकूच आलं नाही.

तिसरा बाजारात लाल छत्रीखाली बसायचा. हसरा, गोड बोलणारा. "पाच नाणी, मावशी! पाचात खत हातात!"

भागूला वाटलं, नशीब उघडलं. तिनं पाच नाणी काढली आणि त्याच्या ओट्यावर पाऊल ठेवलं. एकदा पाऊल ठेवलं म्हटल्यावर, नदीच्या रीतीप्रमाणे, तिनं पुढचं काही विचारलं नाही.

पण थोड्याच दिवसांत छत्रीवाला तिला ओट्यावरून हाका मारू लागला. "मावशी, कागद आणायला हवा गं. कागदाचे तेवढे दे." मग शाईचे मागितले. मग म्हणाला, साक्षीदार फुकट थोडेच उभे राहतात? मग मोहरेची लाख. मग बाजारापासून चिंचेपर्यंतची पायपीट. दर वेळी मागणं लहानच असे. एवढ्याशासाठी काय भांडायचं, असं म्हणत दर वेळी भागू नळी उलटी करी. असं करता करता पाचाची वीस कधी झाली आणि विसांच्या पलीकडे कधी गेली, तिला कळलंही नाही.

शेवटी खत तयार झालं. छत्रीवाल्यानं ते लाल दोऱ्यात बांधून तिच्या हाती दिलं. "घे. आता कासाराला पैसे मोज, की घर तुझं."

"आणि हाक?" भागूनं विचारलं.

त्या राज्यातली ही हाक म्हणजे काय, तर विकणाऱ्यानं उंबऱ्यावर उभं राहून ओरडायचं, 'घर जातंय होऽ, कुणाचं काही आहे का?' ज्याचा ज्याचा त्या घरात काही हक्क असेल त्यानं समोर येऊन उत्तर द्यायचं. सगळे 'मोकळं' म्हणाले, की मगच घर खरं मोकळं. ज्याला बोलावलंच नाही, त्याचा हक्क त्या घरात तसाच राही. पुढं कधीही, अगदी नातवंडांच्या काळातही, तो येऊन दाराची कडी वाजवू शके. भागूनं उतारूंच्या बोलण्यातून हे ऐकलं होतं.

"हाक ना? ती पाचात नाही," छत्रीवाला म्हणाला. "ज्यांचा हक्क आहे त्यांना शोधायचं, बोलवायचं, ते काम निराळं. आणि मावशी, हल्ली कोण करतं एवढं सगळं?"

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस का?" तो म्हणाला. रागानं नव्हे हं, खरंच नवल वाटून म्हणाला.

भागू खत छातीशी धरून घाटावर आली आणि नावेच्या कडेवर बसली. ज्या पाव्हण्याचं तिनं सगळ्या नावेदेखत हसं केलं होतं, तो तिला आठवला. त्यानं निदान अर्धंच भाडं देऊ केलं होतं. तिनं तर पुरतं दिलं होतं, वर आणखी दिलं होतं, आणि तरी ती भर नदीत उभी होती.

"आई, काय गं?" मैनेनं आतून विचारलं.

"काही नाही. जरा जाऊन येते," म्हणत ती उठली आणि उंबराकडे गेली.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही.

"बाबा, आमच्यात पाऊल टाकल्यावर विचारत नाहीत," भागू म्हणाली.

"नदीला विचारू नये, हे खरंच आहे," म्हातारा म्हणाला. "नदीच्या हातात काय आहे, हे नदीलाही ठाऊक नसतं. पण नावाड्याला विचारावं, पोरी. तुझ्या नावेत बसताना माझ्यासारखे म्हातारे विचारत नाहीत का, कोणत्या काठाला लावणार म्हणून?"

भागूनं नळी पुढे केली. नळीत आता घराची किंमत, राजाचा वाटा आणि तळाशी चारदोन नाणी एवढंच उरलं होतं.

"खत चांगलं लिहिलंय त्यानं," म्हातारा कागद उन्हात धरून म्हणाला. "अक्षर सुरेख आहे. ते परत लिहायला नको. राहिलं चालणं आणि हाक. माझ्या विसातलं बरंचसं तर नावेचंच भाडं असतं बघ. हक्कदार काही उंबराखाली येऊन बसत नाहीत, त्यांच्यापर्यंत जावं लागतं. नाव तुझी, वल्हं तुझं. पाय माझे. तळाची नाणी दे आणि चल."

आणि मुलांनो, त्यानंतर भागूनं जे पाहिलं, ते ती मरेपर्यंत विसरली नाही.

तिला वाटत होतं, घर म्हणजे चार भिंती, एक छप्पर आणि मध्ये न हलणारी जमीन. म्हाताऱ्यानं आधी तिला घराभोवती फिरवलं. शेजारच्या कुंभाराच्या छपराच्या पागोळ्या या अंगणात पडत होत्या. "हे पाणी इथं पडायचा हक्क त्याच्या आजोबाचा आहे," म्हातारा म्हणाला. मागं चिंचेखालून एक पुसट पायवाट गेली होती. "ही मेंढपाळांची. वर्षातून एकदा कळप इथून जातो. तू इथं भिंत घातलीस तर मेंढ्या तुझ्या चुलीवरून जातील."

मग ते नावेत बसले. मेंढपाळांना गाठायला पलीकडच्या माळावर गेले. तिथल्या पोक्त मेंढपाळानं चिंचेचं नाव ऐकताच डोळे मिटले आणि म्हणाला, "त्या झाडाखाली आमचा बाबा दमून बसायचा." ज्या गवंड्यानं ते घर बांधलं त्याच्या लेकाकडे गेले, कारण विहिरीचा झरा कोणत्या अंगाला आहे हे त्यालाच ठाऊक होतं. जिथं जावं तिथून घराचा एकेक धागा निघे. भागू वल्हं मारत राही. चिंचेजवळचं ते एवढंसं घर नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं तिला दिसू लागलं. जणू एखादं झाड, ज्याची मुळं सगळ्या मुलखाखालून गेली आहेत आणि वर फक्त चार पानं दिसताहेत.

"बाबा," ती एकदा म्हणाली, "सगळी घरं अशीच असतात?"

"सगळीच."

भागूनं वल्हं थांबवलं आणि काठावरच्या गावाकडे पाहिलं. संध्याकाळच्या चुली पेटल्या होत्या, घराघरातून धूर निघत होता. इतकी वर्षं ती या गावासमोरून जात होती. आज पहिल्यांदा तिनं त्या घरांना हात जोडले.

"अजून एकजण राहिलंय," म्हातारा म्हणाला. "घराची मागची खोली नंतर जोडलेली आहे, बघितलंस? तिला स्वतःचं दार आहे. कुणी स्वतःच्याच घराला उगाच दोन दारं करत नाही."

कुंभाराला विचारून ते नदी जिथं अरुंद होते त्या वरच्या गावात गेले. तिथं एक म्हातारी अंगणात बसून चिंचोके निवडत होती. ती त्या कासाराची थोरली बहीण निघाली.

"विकतोय?" ती म्हणाली. चिंचोके निवडणारे तिचे हात थांबले. "मागची खोली माझी आहे. बाबांनी दिली मला, पंचांसमोर. म्हणाले, सासरी काही कमीजास्त झालं तर तुला दार असावं. भाऊ काही बोलला नाही त्याबद्दल?"

"नाही, आक्का," भागू म्हणाली.

"लहानपणापासून अवघड बोलायची वेळ आली की तो चिंचेवर चढून बसायचा," म्हातारी म्हणाली आणि चिंचोके पदरात बांधून उठली. "चला. हाक ऐकायला येते मी. मोकळं म्हणेनच असं नाही हं, सांगून ठेवते."

येताना भागू मनाशी हिशेब करत होती. म्हातारी नाही म्हणाली तर घर गेलं. पण तिला न शोधता घर घेतलं असतं, तर एक दिवस हीच बाई मागच्या दाराची कडी वाजवत उभी राहिली असती, आणि तिचंच बरोबर असतं.

हाकेचा दिवस उजाडला. सूर्य नुकता पाण्याच्या वर आला होता. अंगणात कुंभार होता, मेंढपाळ होता, गवंड्याचा लेक होता. मैना खाली घाटावर नावेत होती. कासार उंबऱ्यावर उभा राहिला, आणि घाटाच्या पायऱ्या चढून येणारी बहीण त्याला दिसली. त्याचा चेहरा पडला.

"उतर आता चिंचेवरून," ती म्हणाली. "घाल हाक."

कासारानं हाक घातली. आवाज आधी घोगरा निघाला, मग मोकळा झाला. "घर जातंय होऽऽ! कुणाचं काही आहे का?"

"पागोळ्यांचं पाणी राहू द्या, बाकी मोकळं," कुंभार म्हणाला.

"वाट राहू द्या, बाकी मोकळं," मेंढपाळ म्हणाला.

"झरा उगवतीच्या अंगाला आहे, तो बुजवू नका. मोकळं," गवंड्याचा लेक म्हणाला.

रीतीप्रमाणे कासारानं विहिरीत वाकून तीच हाक दिली, कारण जे आता नाहीत त्यांनाही विचारायचं असतं. खालून, पाण्याच्याही खालून यावा तसा आवाज उलटून आला. 'आहे का… आहे का…' अंगणातल्या पुरुषांनी डोक्यावरची पागोटी काढली.

आता एकटी बहीण राहिली. ती मागच्या दाराकडे बघत उभी होती.

तेवढ्यात घाटावरून मैनेची किंकाळी आली.

"कोण गं ती?" म्हातारीनं विचारलं.

"माझी लेक. वेळ झाली वाटतं," भागू घाटाकडे बघत म्हणाली.

"मग इथं काय उभी राहिलीस? कुठं ठेवणार तिला?"

"नावेतच, आक्का. घर अजून माझं झालेलं नाही."

म्हातारीनं भागूकडे पाहिलं, मग भावाकडे, मग त्या दाराकडे. "खोली तर अजून माझीच आहे ना?" ती म्हणाली. "मी मोकळं म्हटलेलं नाही अजून. मग माझ्या खोलीत कोण येणार हे मी ठरवीन. आणा त्या पोरीला. आणि अरे, तू पाणी तापव. बांगड्या नंतर विक."

मागचं दार कित्येक वर्षांनी उघडलं. ज्या हक्कामुळं घर हातचं जाईल म्हणून भागू भ्याली होती, त्याच हक्कानं तिच्या लेकीला आत घेतलं.

दुपारच्या आधी बाळ रडलं. मुलगी झाली. जमीन हलली नाही, छप्पर हललं नाही. वळचणीतली पाकोळी तेवढी आत-बाहेर करत राहिली. भागूनं नातीला दोन्ही हातांनी धरलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला एक हात नावेच्या कडेसाठी ठेवावा लागला नाही.

म्हातारी बाहेर आली, पदरानं हात पुसले आणि अंगणातल्या लोकांना म्हणाली, "मोकळं." भागूनं कासाराला किंमत मोजली, आणि त्यातला खोलीचा वाटा भावानं तिथंच, सगळ्यांदेखत, तिच्या पदरात घातला. तो रडत होता. ती म्हणाली, "बांगड्या मात्र फुकट भरीन मी तुझ्याकडून, जन्मभर."

भागू घरात राहायला गेली, पण तिनं नाव सोडली नाही. एक दिवस लाल छत्रीवाला चिटणीस टोपल्या घेऊन घाटावर आला.

"काय घेशील गं मावशी?"

"दोन नाणी," भागू म्हणाली. "पलीकडच्या काठापर्यंत. टोपल्या चढवणं त्यात आलं, फळी टाकून उतरवणं आलं, आणि वारा फिरून वळसा पडला तर तोही त्यात आला. भर नदीत मी काही मागणार नाही."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती सगळ्यांना असंच सांगू लागली होती. पण छत्रीवाला सबंध नदीभर नुसता पाण्यात बोटं बुडवून बसला. पुढच्या बाजारापासून तो गिऱ्हाइकाला आधी सांगू लागला, पाचात काय येतं आणि काय येत नाही. काहीजण उठून गेले. जे बसले, ते कुरकुरले नाहीत.

तेव्हापासून त्या राज्यात कुणी घर घ्यायला किंवा विकायला निघालं, की चिटणिसाच्या ओट्यावर पाऊल ठेवण्याआधी, काठावर उभं राहूनच विचारी, "बाबा, तुमचं भाडं कोणत्या काठापर्यंतचं?" तिन्ही चिटणिसांचं उत्तर ऐकून घेई, आणि मगच कुठला आकडा मोठा आणि कुठला लहान ते ठरवी.

यातून घ्यायचं ते एवढंच: घराच्या कागदाला किती पडेल हे विचारण्याआधी तेवढ्यात कुठवर नेणार हे विचारावं, आणि सगळ्यांकडून एकाच काठापर्यंतचं भाडं ऐकून मगच तुलना करावी.